मेडिकेअर आणि दोन दरवाजांची रुग्णालयं

मी अमेरिकेत कॅन्सस सिटीजवळच्या एका रुग्णालयात बिलिंगचं काम करते. दिवसभर समोर मेडिकेअरचे क्लेम असतात. कुणाचा क्लेम का नाकारला गेला, कोण रीतसर ॲडमिट होतं आणि कोण नुसतं ऑब्झर्व्हेशनवर (दाखल न करता देखरेखीखाली), याची उत्तरं शोधायची आणि कागद पुन्हा पाठवायचे. इथल्या मराठी मंडळींत कुणाची पासष्टी जवळ आली की मला फोन येतो. "अगं, ते पार्ट ए, पार्ट बी काय असतं?" मी समजावून सांगते, अर्ज भरून देते. मेडिकेअर म्हणजे म्हातारपणीचा सरकारी विमा, यापलीकडे बहुतेकांना काही ठाऊक नसतं, आणि रोजच्या व्यवहाराला त्याहून जास्त लागतही नाही.

पण मेडिकेअरच्या कायद्याने आणखी एक काम केलं, आणि माझ्या लेखी ते विम्याइतकंच मोठं आहे. दक्षिणेकडच्या रुग्णालयांत गोऱ्यांचा वॉर्ड वेगळा, काळ्यांचा वेगळा, दरवाजेही वेगळे. ही पिढ्यान् पिढ्यांची व्यवस्था १९६६ च्या वसंत ऋतूत, जेमतेम चार महिन्यांत मोडली. कोर्टांचे निकाल होते, नागरी हक्कांचा कायदा होता, मोर्चे निघत होते. तरी बहुतेक ठिकाणी रुग्णालयांचे दरवाजे उघडले ते पैसे अडतील असं दिसल्यावरच. याबद्दल मराठीत लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात आमच्याच भागातून होते. इंडिपेन्डन्स हे हॅरी ट्रूमन यांचं गाव कॅन्सस सिटीला लागूनच आहे. १९ नोव्हेंबर १९४५ रोजी, म्हणजे महायुद्ध संपून तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, अध्यक्ष ट्रूमन यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, आरोग्यावर एक लांबलचक संदेश पाठवला. त्यातले आकडे आजही थक्क करतात. सैन्यभरतीसाठी तपासलेल्या १८ ते ३७ वयाच्या तरुणांपैकी जवळपास ५० लाख अपात्र ठरले होते, शंभरातले तीस. सुमारे १,२०० काउंट्यांत (काउंटी साधारण आपल्या जिल्ह्यासारखी), म्हणजे देशातल्या चाळीस टक्के काउंट्यांत, एक तर रुग्णालयच नव्हतं किंवा होतं ते किमान दर्जाचंही नव्हतं. तिथे दीड कोटी लोक राहत होते. ट्रूमन यांनी मागितला तो सर्वांसाठी आरोग्य विमा. म्हाताऱ्यांसाठी नाही, फक्त गरिबांसाठी नाही, सर्वांसाठी. जसा सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी, पगारातून कर कापतात, तसाच यासाठी कापायचा.

ट्रूमन यांच्याआधीचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात आरोग्य विमा घातला नव्हता. डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधात अख्खा कायदाच बुडेल अशी धास्ती होती. ट्रूमन यांनी तो विरोध अंगावर घेतला आणि हरले. १९४८ ची निवडणूक सगळे अंदाज खोटे ठरवून जिंकल्यावर त्यांनी पुन्हा जोर लावला, तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या सभासद डॉक्टरांकडून प्रत्येकी २५ डॉलर गोळा करायला घेतले आणि कॅलिफोर्नियातली एक प्रचारसंस्था नेमली. एका जुन्या इंग्रज चित्रकाराचं गाजलेलं चित्र आहे. झोपडीत आजारी मूल निजलंय आणि डॉक्टर त्याच्याकडे टक लावून बसलाय. त्या चित्राची पोस्टरं देशभरातल्या दवाखान्यांत लागली. खाली ओळ होती: या चित्रात राजकारण आणू नका. आपला डॉक्टर ज्या भिंतीखाली बसून आपल्याला तपासतो, त्याच भिंतीवर हे लावलेलं. माणूस कोणाचं ऐकणार? विधेयक समितीतच अडकून पडलं.

ट्रूमन यांच्या त्या संदेशातली एक गोष्ट मात्र पदरात पडली: रुग्णालयं बांधायला केंद्राचा पैसा. ऑगस्ट १९४६ मध्ये हिल-बर्टन कायदा झाला. अलाबामाचे सिनेटर लिस्टर हिल आणि ओहायोचे हॅरल्ड बर्टन यांच्या नावाचा. खेड्यापाड्यांत, छोट्या गावांत याच पैशावर रुग्णालयं उभी राहिली. पण त्यात एक कलम होतं. एखाद्या भागात वेगवेगळ्या वंशांसाठी वेगळ्या सोयी असतील आणि त्या समान दर्जाच्या असतील, तर चालेल. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर वेगळेपणाला अशी लेखी परवानगी दिली आणि वर पैसाही दिला. ज्या ट्रूमन यांनी दोनच वर्षांनी, जुलै १९४८ मध्ये, सैन्यातला वर्णभेद एका आदेशाने संपवायला घेतला, त्यांचीच सही या कायद्यावर आहे. मला हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवावंसं वाटतं. दक्षिणेच्या मतांशिवाय तेव्हा काँग्रेसमधून काहीच पुढे सरकत नव्हतं आणि ती मतं या किमतीला मिळत होती.

आमचं शहर काही दक्षिणेत मोडत नाही. तरी इथे हॉस्पिटल हिलवर शहराच्या खर्चाने चालणारी दोन रुग्णालयं होती. जनरल हॉस्पिटल नंबर एक गोऱ्यांसाठी, नंबर दोन काळ्यांसाठी, आणि मेक्सिकन लोकांनाही दोनमध्येच पाठवत. १९५७ मध्ये ती एकत्र झाली. नंबर दोनमध्ये काळे डॉक्टर आणि नर्सेस तयार झाल्या, कारण दुसरीकडे त्यांना शिकायलाच मिळत नव्हतं. दक्षिणेत तर पुष्कळ ठिकाणी काळ्या डॉक्टरला वैद्यकीय संघटनेच्या स्थानिक शाखेत सभासदत्व नसे. सभासदत्व नाही म्हणून रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याचा अधिकार नाही. स्वतःचा रुग्ण वॉर्डात जाईपर्यंत तो त्याचा डॉक्टर, आत गेला की कुणीच नाही.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये जॉर्ज सिमकिन्स नावाचे एक दंतवैद्य होते. त्यांच्या एका रुग्णाच्या दाताला गळू होऊन चेहरा सुजला, ताप चढला. गावातली दोन चांगली रुग्णालयं त्याला घेईनात. दोन्ही रुग्णालयांनी हिल-बर्टनचा सरकारी पैसा घेतलेला. सिमकिन्स यांनी इतर डॉक्टर, दंतवैद्य आणि रुग्णांना सोबत घेऊन १९६२ मध्ये खटला भरला. अध्यक्ष केनेडींच्या न्याय खात्याने त्यांची बाजू उचलून धरली. नोव्हेंबर १९६३ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की सरकारी पैसा घेऊन असा भेद करता येणार नाही, आणि 'वेगळे पण समान' हे कलमच घटनाबाह्य आहे. मार्च १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला, म्हणजे निकाल कायम झाला. पुढे जुलै १९६४ चा नागरी हक्क कायदा आला. त्याच्या सहाव्या प्रकरणाचा मथितार्थ एका ओळीचा आहे: केंद्राचा पैसा ज्या कामात जातो, तिथे वंश, रंग किंवा मूळ देश पाहून कुणाला वगळता येणार नाही.

कागदावर सगळं झालं होतं. वॉर्डात काहीच झालं नव्हतं. एकेका रुग्णालयाविरुद्ध खटला भरत बसलं तर किती वर्षं लागली असती?

मेडिकेअरची गोष्ट मधल्या काळात वेगळ्या वाटेने चालली होती. सर्वांसाठीचा विमा मिळत नाही म्हटल्यावर ट्रूमन यांच्याच काळातल्या अधिकाऱ्यांनी मागणी आवळून फक्त वृद्धांवर आणली. नोकरी सुटली की नोकरीतला विमा सुटतो आणि आजारपण तर त्याच वयात येतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हाताऱ्या अमेरिकनांपैकी जवळपास निम्म्यांकडे रुग्णालयाचा विमा नव्हता, आणि तीनातला एक गरिबीत होता. केनेडी यांनी मे १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरगच्च सभा घेतली. दुसऱ्या रात्री डॉक्टरांच्या संघटनेने त्याच रिकाम्या सभागृहातून टीव्हीवर उत्तर दिलं. त्याच्या आदल्या वर्षी रोनाल्ड रेगन या नटाच्या आवाजात एक ध्वनिमुद्रिका काढली होती. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, ती ऐकवायची आणि सगळ्यांकडून काँग्रेसला पत्रं लिहून घ्यायची. जुलै १९६२ मध्ये सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी विधेयक बाजूला पडलं.

मग केनेडींनंतरचे अध्यक्ष, जॉन्सन. त्यांच्याबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही. व्हिएतनामचं पाप त्यांच्या माथी आहे आणि ते पुसता येणार नाही. पण टेक्ससच्या कोटुला गावात मेक्सिकन मुलांच्या शाळेत विशीत शिकवलेला हा माणूस भुकेली मुलं विसरला नाही, असं मला त्यांची भाषणं वाचताना दर वेळी वाटतं. १९६४ ची निवडणूक त्यांनी ६१ टक्के मतं घेऊन जिंकली. हाउसमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, त्यांच्या पक्षाचे २९५ जण निवडून आले, सिनेटमध्ये ६८ झाले. आतापर्यंत विधेयक अडवून धरणारे हाउसच्या कर-समितीचे प्रमुख, अर्कान्सासचे विल्बर मिल्स वारं ओळखून होते. मार्च १९६५ मध्ये त्यांनी सगळ्यांना चकित केलं. सरकारचा रुग्णालय विमा, रिपब्लिकनांनी सुचवलेला डॉक्टरांच्या फीचा ऐच्छिक विमा आणि गरिबांसाठी राज्यांमार्फत मदत, अशा तीन वेगवेगळ्या प्रस्तावांतला एक निवडण्याऐवजी त्यांनी तिन्ही एकावर एक ठेवले. पहिला झाला पार्ट ए, दुसरा पार्ट बी, तिसरा मेडिकेड. त्या काळी लोक याला तीन थरांचा केक म्हणत. मंडळातल्या काकांना ए आणि बी वेगळे का हे मी सांगते तेव्हा उत्तर हेच असतं: ते दोन वेगळ्या पक्षांचे प्रस्ताव होते.

३० जुलै १९६५ रोजी जॉन्सन वॉशिंग्टनहून विमानाने आमच्या इंडिपेन्डन्सला आले आणि ट्रूमन ग्रंथालयात सही केली. ट्रूमन ८१ वर्षांचे होते. हा दिवस पाहण्याइतकं आयुष्य लाभलं याचा आनंद आहे, असं ते म्हणाले. पुढच्या जानेवारीत जॉन्सन पुन्हा आले आणि मेडिकेअरचं पहिलं कार्ड त्यांना, दुसरं बेस ट्रूमन यांना दिलं. आमच्याकडे भारतातून कुणी आलं की मी त्यांना या ग्रंथालयात नेते. लोकांना ओढ असते ती हिरोशिमाच्या निर्णयाशी जोडलेल्या वस्तू बघायची. मी त्यांना मेडिकेअरबद्दलही सांगितल्याशिवाय बाहेर पडू देत नाही.

कायदा लागू व्हायची तारीख ठरली १ जुलै १९६६. अकरा महिन्यांत एवढं यंत्र उभं करायचं होतं. पार्ट बीचा हप्ता महिना ३ डॉलर होता आणि तो ऐच्छिक असल्यामुळे माणसांना शोधून, विचारून नावं नोंदवायची होती. घरोघरी जायला गरीब वस्त्यांतल्याच वयस्क माणसांना कामावर घेतलं. जंगलात एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत निरोप पोहोचवायला वनखात्याचे रेंजर पाठवले. ऑनलाइन अर्जासारखं काही नसताना १ जुलैला सुमारे १ कोटी ९० लाख लोक आत होते. रोज फॉर्मांशी झगडणारी मी हे वाचून उठून उभी राहिले होते.

आणि याच अकरा महिन्यांत ते दुसरं काम झालं.

मेडिकेअर म्हणजे केंद्राचा पैसा. म्हणजे सहावं प्रकरण लागू. म्हणजे जे रुग्णालय वर्णभेद करेल त्याला एक डॉलर मिळणार नाही. रुग्णालयाच्या खाटांवर सगळ्यांत जास्त दिवस कोण असतं? म्हातारी माणसं. तो पैसा नाकारून टिकणं फार थोड्यांना परवडलं असतं. काँग्रेसमधल्या चर्चेत या मुद्द्याचा फारसा गाजावाजा झाला नव्हता, पण दक्षिणेतल्या प्रतिनिधींना तो कळत होता. आता प्रश्न एवढाच होता की सरकार खरंच पैसे अडवेल की हमीपत्रावर सही घेऊन गप्प बसेल. शाळांच्या बाबतीत सरकारचा अनुभव वाईट होता. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालाला दहा वर्षं झाली तरी दक्षिणेतल्या काळ्या मुलांपैकी फार थोडी गोऱ्यांच्या शाळेत पोहोचली होती.

आरोग्य खात्याचे मंत्री जॉन गार्डनर आणि सर्जन जनरल (सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेचे प्रमुख) विल्यम स्टुअर्ट यांनी ठरवलं की नुसती सही पुरणार नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये नवं कार्यालय उघडलं, मार्चमध्ये सगळ्या रुग्णालयांना पत्र आणि नियमावली गेली. तपासणीला माणसं कुठून आणायची? सार्वजनिक आरोग्य सेवेतले आणि सोशल सिक्युरिटीचे कर्मचारी त्यांच्या नेहमीच्या कामातून काढून घेतले. थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन त्यांना गावोगाव पाठवलं. सगळे मिळून हजाराच्या आसपास.

ते काय तपासत होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तपासणी म्हणजे काय हे मी रोज बघते. फाइल नीट असली की काम झालं असं समजणारे असतात. यांनी तसं केलं नाही. दारं किती आणि कोण कुठून आत येतं. प्रतीक्षाकक्ष एक की दोन. एका खोलीत दोन खाटा असतील तर त्यावर गोरा आणि काळा रुग्ण शेजारी शेजारी आहेत का. जेवणाची जागा एकच आहे का. रक्ताच्या बाटल्यांवर दात्याच्या वंशाची चिठ्ठी आहे का. काळ्या डॉक्टरांना रुग्ण दाखल करण्याचा अधिकार आहे का. आणि परिचारिका गोऱ्या बाईला 'मिसेस अमुक' म्हणते, तर काळ्या बाईला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारते का. सत्तर वर्षांच्या आजीला वॉर्डात सगळ्यांसमोर एकेरी हाक. सरकारी तपासणीच्या यादीत हे यावं, याचं मला मनापासून कौतुक आहे. ज्याने ती ओळ लिहिली त्याला अपमान कुठे होतो हे माहीत होतं.

रुग्णालयांनी क्लृप्त्याही केल्या. तपासनीस यायच्या आदल्या दिवशी रुग्णांच्या खाटा हलवायच्या, ते गेले की परत पूर्ववत. काहींनी सगळ्या खोल्या एकेका रुग्णाच्या करून टाकल्या, म्हणजे शेजारी कोण हा प्रश्नच नको. पण तपासनिसांना खबर देणारी माणसं आतच होती. झाडलोट करणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या, रुग्णांची पांघरुणं बदलणाऱ्या काळ्या कर्मचाऱ्यांनी कोणत्या मजल्यावर बघा, कोणत्या दाराने जा, हे गुपचूप सांगितलं. नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी आणि स्थानिक काळ्या डॉक्टरांनी माहिती पुरवली. काळ्या डॉक्टरांची स्वतःची संघटना, नॅशनल मेडिकल असोसिएशन, १८९५ पासून होती. मेडिकेअरला मोठ्या संघटनेने विरोध केला तेव्हा या छोट्या संघटनेने पाठिंबा दिला होता. हॉवर्ड विद्यापीठातले डॉ. माँटेग्यू कॉब १९५७ पासून काही वर्षं दरवर्षी रुग्णालयांतल्या भेदभावावर परिषद भरवत आले होते. या माणसांची तयारी नसती तर हजार तपासनीस आंधळ्यासारखे फिरले असते.

जून उजाडला तरी दक्षिणेतली बरीच रुग्णालयं अडून होती. जॉन्सन यांच्यासमोर पेच होता. १ जुलैला म्हातारा माणूस कार्ड घेऊन गेला आणि गावातलं एकुलतं एक रुग्णालय यादीत नाही, तर लोक सरकारला बोल लावतील. पर्याय म्हणून सैन्याची आणि माजी सैनिकांची रुग्णालयं तयार ठेवली. पण अट ढिली केली नाही. मला इथे त्यांचं मोठेपण दिसतं. चार महिने सूट देऊन बघू, असं म्हणणं अगदी सोपं होतं, आणि सूट दिली असती तर ती शाळांसारखी दहा वर्षं चालली असती. शेवटच्या आठवड्यांत एकेक रुग्णालय वळलं. १ जुलैपर्यंत देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णालयं पात्र ठरली होती. हजारएक रुग्णालयांतली विभागणी या काही महिन्यांत गेली. ज्या गर्दीची भीती होती तीही झाली नाही.

माझा एक सहकारी मिसिसिपीचा आहे, निवृत्तीला आलेला. त्याच्या आजीला त्या उन्हाळ्यात रुग्णालयात पुढच्या दाराने नेलं होतं. घरात ती गोष्ट पुष्कळदा सांगितली जाई, असं तो म्हणतो. आजीला आजार काय होता ते आज कुणालाच आठवत नाही. दार मात्र सगळ्यांना आठवतं.

हे काम अपुरं राहिलं, तेही लिहायला हवं. पार्ट बीचे पैसे डॉक्टरांना जातात, पण सरकारने भूमिका घेतली की हा रुग्णाचा विमा आहे, डॉक्टरला दिलेली केंद्राची मदत नाही, म्हणून सहावं प्रकरण खाजगी दवाखान्यांना लागू नाही. डॉक्टरांची संघटना आधीच बिथरलेली, त्यांनी बहिष्कार टाकला तर काय, ही भीती त्यामागे होती. म्हणजे रुग्णालयातला प्रतीक्षाकक्ष एक झाला आणि रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातले दोन तसेच राहिले. पार्ट बी हीसुद्धा केंद्राची मदतच आहे, असा नियम व्हायला २०२४ साल उजाडलं. नर्सिंग होमकडे तर त्या वेळी कुणी फारसं पाहिलंच नाही.

आणि काळ्यांची स्वतःची रुग्णालयं गेली. आमच्याच राज्यात, मिसूरीत, सेंट लुइसला, होमर जी. फिलिप्स हॉस्पिटल होतं. १९३७ मध्ये उघडलं. देशातल्या काळ्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची कितीतरी मोठी फळी तिथे घडली. मोठ्या रुग्णालयांची दारं उघडल्यावर रुग्ण पांगले, शहराने पैसा आखडता घेतला आणि ऑगस्ट १९७९ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला तरी ते बंद केलं. जी दारं उघडली ती हवीच होती. पण जे आपलं म्हणून उभं केलं होतं ते वाचवण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही.

आपल्या लोकांचा यात काय संबंध, असं मला मंडळात विचारतात. संबंध थेट आहे. मेडिकेअरवर सही झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्याआधी भारतीयांचा कोटा होता वर्षाला १००. तोही ट्रूमन यांच्या काळात, १९४६ मध्ये मिळालेला. नव्या कायद्याने मूळ देशाचे कोटे गेले. इकडे मेडिकेअर-मेडिकेडमुळे रुग्ण वाढले, डॉक्टर कमी पडले. शिवाय मेडिकेअर पहिल्यापासून रुग्णालयांना शिकाऊ डॉक्टरांच्या खर्चाचाही वाटा देत आलं आहे. रेसिडेन्सीच्या जागा वाढल्या आणि त्या भरायला मुंबई, पुणे, नागपूर, मिरजेचे डॉक्टर आले. माझे सासरे भूलतज्ज्ञ, १९७१ मध्ये आले. त्यांची पहिली रेसिडेन्सी ज्या रुग्णालयात झाली तिथे तळमजल्यावर एक बंद केलेलं दार होतं. कसलं दार, म्हणून त्यांनी एका जुन्या नर्सला विचारलं, तेव्हा तिने सांगितलं.

त्यांच्या पिढीतले काही जण म्हणतात, आम्ही गुणवत्तेवर आलो, आम्हाला सरकारने काही दिलं नाही. गुणवत्ता होतीच, कष्टही होते, ते मी घरात पाहिले आहेत. पण ज्या कायद्याने त्यांना व्हिसा मिळाला आणि ज्या पैशातून रेसिडेन्सीचा खर्च भागला, ते दोन्ही त्याच लाटेतून आले ज्या लाटेसाठी काळ्या अमेरिकनांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले. सासऱ्यांसारख्या सावळ्या माणसाला वॉर्डातल्या गोऱ्या रुग्णाच्या उशाशी उभं राहता आलं, ते त्यांच्याआधी कुणीतरी ती जागा मोकळी करून ठेवली म्हणून. मंडळातल्या गप्पांत "इथल्या काळ्यांना फुकट खायची सवय" असं कुणी बोललं की मी आता गप्प बसत नाही.

फोन करणाऱ्यांसाठी कामाचंही लिहून ठेवते. दहा वर्षं कर भरून नोकरी झालेली असेल, स्वतःची किंवा जोडीदाराची, तर पार्ट ए विनामूल्य. भारतातून ग्रीन कार्डवर आणलेल्या आई-वडिलांना सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर ए आणि बी विकत घेता येतं, पण एकट्या पार्ट एचा हप्ता महिना पाचशे डॉलरच्या पुढे जातो. मुलाने भरलेला कर आई-वडिलांच्या नावावर मोजत नाहीत. आणि रुग्णालयात असताना पहिल्याच दिवशी विचारा: ॲडमिट केलंय की ऑब्झर्व्हेशनवर ठेवलंय? पुढे नर्सिंगच्या सोयीचे पैसे मिळायला तीन दिवस रीतसर ॲडमिट असावं लागतं, आणि ही अट १९६५ च्या मूळ कायद्यापासूनची आहे.

ज्यांनी मेडिकेअर रचलं त्यांना पासष्टी हा शेवट वाटत नव्हता. आधी म्हातारे, मग लहान मुलं, मग सगळे, असा त्यांचा हिशोब होता. व्हिएतनामने पैसा खाल्ला, रुग्णालयांना 'जो खर्च होईल तो' देण्याच्या तडजोडीमुळे बिलं फुगली आणि पाऊल तिथेच थांबलं. १९७२ मध्ये अपंग आणि डायलिसिसचे रुग्ण आत आले, बस. माझ्या टेबलासमोर त्रेसष्ट वर्षांची, नोकरी गेलेली माणसं बसतात आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षं पुढे ढकलतात. मी त्यांना मेडिकेड बसतंय का ते बघून देते, बाजारातल्या विम्याचे दर काढून देते. एवढंच माझ्या हातात आहे. ट्रूमन यांच्या १९४५ च्या संदेशात वयाची अट नव्हती, आणि ती आता तरी जावी असं मला ठामपणे वाटतं.